राहिलेलं सामान

२३ नोव्हेंबर, रविवार

भात घरात आलं. शेवटचं पोतं खाली टाकून गोरख त्यावरच बसला आणि म्हणाला, "आता जायचं म्हंजी जायचं." महिनाभर मी हेच म्हणत होते तेव्हा तोंडातून शब्द निघत नव्हता! (वहीत मी नवऱ्याला गोरखच लिहिणार. तोंडावर 'अहो' आहेच जन्मभर.)

चोवीस दिवस राहिले. सतरा डिसेंबरची झेलम, पुण्याहून. दोन रात्री गाडीत, पठाणकोटला उतरायचं, पुढे बसने पालमपूर. हिमाचल! बारा वर्षं आम्ही त्र्यंबककाका आणि शैलाकाकूंचा मळवलीचा बंगला सांभाळतोय. डिसेंबर आला की लोक तिथे भाड्याने राहायला येणार, मग आम्ही कुठे जाणार? यंदा काकूंनीच फोनवर सांगितलं, "जा गं सारिका, एकतीसला मात्र इथे हवीस." अठ्ठावीसला परत. तोवर बंगला सासूबाई बघतील. आमच्या माधवीची दहावीची सराव परीक्षा, ती आजीजवळ.

नवी वही आहे म्हणून पहिल्यापासून लिहिते. पालमपूरला माझी नणंद असते, रेणुका. लोणावळ्यात हॉटेलात रिसेप्शनला होती. तिथल्या पहाडी कुकशी लग्न केलं आणि त्याच्या गावी गेली. घरात विचारलं नाही, सांगितलंही नाही. नऊ वर्षं झाली. सासूबाईंनी त्या दिवसापासून तिचं नाव घेतलेलं नाही. दर भाऊबीजेला ती गोरखला फोन करायची आणि हा वाजू द्यायचा. यंदा उचलला. "हां, बोल," एवढं म्हणाला, फोन माझ्या हातात दिला आणि अर्धा तास गोठ्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी लोणावळ्याच्या खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढून आला.

दोनच. सासूबाईंना विचारलं होतं. "तुमी जा. म्या तिच्या दारात जायची न्हाई." विषय संपला.

मला एवढंच हवंय — आम्ही तिकडे असताना सासूबाईंनी एकदा फोनवर रेणुकाशी बोलावं. 'कशी हाईस' एवढं म्हटलं तरी चालेल.

२४ नोव्हेंबर

माधवीने मोबाइलवर दाखवलं. पालमपूरची थंडी, पहाटे तीन अंश. इथे बारा, आणि बारालाच गोरख दोन बनियन घालून वर शाल घेऊन बसतो. याला तीनमध्ये कसा न्यायचा!

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कपड्यांचा प्रश्न सुटला. ट्रंक!

बंगल्याच्या स्टोअररूममध्ये हिरवी लोखंडी ट्रंक आहे, पाहुण्यांच्या राहिलेल्या सामानाची. चार्जर, पोहायचे गॉगल, एकेकटी चप्पल, एक दातांची कवळी (कुणाची असेल देव जाणे, चार वर्षांत मागायला आलं नाही. जेवतात कसे?). पण खरी भर आहे ती गरम कपड्यांची. मुंबईची माणसं डिसेंबरात लोणावळ्याला निघाली की काश्मीरला निघाल्यासारखी निघतात. दुपारी बारा वाजता घाम फुटतो, स्वेटर काढून दाराच्या मागे अडकवतात, आणि ते दार काही घरी जाताना बघत नाहीत. असे बारा हिवाळे साठलेत.

काकूंना फोन करून विचारलं. त्या हसायलाच लागल्या. "अगं, वर्ष उलटलेलं सगळं घे. ट्रंकसुद्धा घे." तरी माझं मन होईना. म्हणून जे जे काढलं त्यावर मी माझीच चिठ्ठी लावली — 'सारिका, उसने, १७ ते २८ डिसेंबर' — आणि खाली सही केली. आल्यावर धुऊन, घडी करून परत आत.

मला एक राखाडी लोकरी कोट, जवळजवळ नवा. दोन थर्मल. हातमोजे सापडले पण दोन्ही डाव्या हाताचे.

२८ नोव्हेंबर

गोरखने लाल फुगीर जाकीट घालून पाहिलं. भरलेल्या सिलिंडरसारखा दिसतो. हसले तर रुसला, आणि रुसूनही काढलं नाही. जाकीट घालूनच म्हशीची धार काढली.

१ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंना कळलं. माझ्या गादीवर कोट बघितला आणि तोंडाचा पट्टा सुरू.

"दुसऱ्याचं ऱ्हायल्यालं अंगाला लावायचं न्हाई. कितींदा सांगितलंय."

"आई, काकूंनी सांगितलंय."

"काकूंचं हाय का ते?"

ट्रंकेचा कारभार पहिल्या दिवसापासून सासूबाईंचा. नियम तीन. राहिलेलं वापरायचं नाही. सही घेतल्याशिवाय द्यायचं नाही — म्हणजे वस्तूला सेफ्टी पिनने चिठ्ठी लावायची, खोली, तारीख, नाव माहीत असेल तर नाव. माणूस परत आला की त्याच चिठ्ठीवर त्याची सही घ्यायची आणि चिठ्ठी भिंतीवरच्या तारेत ओवायची. पाहुणा लाख म्हणू दे, "अहो मावशी, माझीच टोपी आहे." सासूबाई पेन पुढे धरून उभ्या. आणि तिसरा नियम, सगळ्यात कडक — कुणाला फोन करायचा नाही. मागायला आला तर द्यायचं. आपण होऊन बोलवायचं नाही.

या तिसऱ्यामागे हकीकत आहे. पहिल्याच वर्षी एका खोलीत सोन्याचं कानातलं सापडलं. सासूबाईंनी चांगुलपणाने पाहुण्याच्या घरी फोन लावला. बाईंनी उचलला. सासूबाई म्हणाल्या, तुमचं कानातलं इथं राहिलंय. बाई म्हणाल्या, मी तर लोणावळ्याला आलेच नाही! पुढे त्या घरात काय झालं ते आम्हाला कळलं नाही, पण सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्या दिवसापासून फोन बंद.

कोट मी लपवला नाही. उलट उन्हात घातला. त्या बघत होत्या. बघू देत.

३ डिसेंबर, बुधवार

आज हसायला येत नाहीये.

उजव्या हाताचा मोजा शोधायला ट्रंक तळापर्यंत उपसली. सगळ्यात खाली, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला, एक मरून स्वेटर. पाहुण्यांचा वाटेना, कोपराला रफू होतं. रफू ओळखलं, मीच केलेलं. रेणुकाचा कॉलेजचा स्वेटर. पाहुणे असले की आम्ही सगळे बंगल्याच्या मागच्या खोलीत झोपायचो तेव्हा हाच घालून ती अभ्यासाला बसायची.

त्याला चिठ्ठी होती. वेडीवाकडी अक्षरं, 'रेनुका. मागची खोली.' आणि ती गेली त्या दिवसाची तारीख. अक्षर सासूबाईंचं. त्यांना लिहायला रेणुकानेच शिकवलं, याच खोलीत, पाहुण्यांच्या उरलेल्या बिलांच्या मागे.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी तिचं सगळं सामान बाहेर काढून वाटून टाकलं होतं. मला वाटायचं घरात तिची एक टाचणी नाही. आणि हा इथे, कवळीच्या खाली. डांबरगोळ्या पांढऱ्या शुभ्र, टणक. म्हणजे दरवर्षी नव्या घालतात. मी बसून रडले, खरंच रडले. मग घडी होती तशी घालून परत ठेवला.

ज्या ट्रंकेत पाहुण्यांचं ठेवतात त्याच ट्रंकेत, त्याच नियमाने. मागायला आली तर द्यायचं. बोलवायचं नाही.

५ डिसेंबर

सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, पालमपूरला काही द्यायचंय का? बॅगेत जागा आहे."

"म्या कशाला देऊ."

६ डिसेंबर

सकाळी माझ्या बॅगेशेजारी कापडी पिशवी. आत नवा इंद्रायणी तांदूळ, निवडून, पाखडून. विचारलं, "हे कुणी ठेवलं?"

"उंदरानं."

उंदीर कामाचा आहे. तांदळात कडुलिंबाचा पाला पण घातलाय.

७ डिसेंबर, रविवार

रेणुकाशी बोलले. तिची मुलगी मागून ओरडत होती, "मामी, बर्फ गिरेगा तो फोटो निकालेंगे." सात वर्षांची आहे, मराठी समजतं, बोलत नाही.

रेणुकाने दर वेळचा प्रश्न विचारला. "आई काय म्हणते?"

"तुम्हीच का फोन करत नाही त्यांना?" मी म्हणाले.

"वहिनी, तिनं एकदा ये म्हटलं असतं ना, तर मी चालत आले असते. न बोलावता कशी येऊ? मीच तर न सांगता गेलेली."

घ्या! आई म्हणते मागायला आली तर देईन. लेक म्हणते बोलावलं तर येईन. दोघी मिळून माझं डोकं खाणार.

स्वेटरचं सांगावंसं वाटलं. जिभेवर आलं होतं. पण ते माझं नाही, मी कशी देऊ? हळूहळू मीही सासूबाईंच्या नियमात चाललेय.

९ डिसेंबर, मंगळवार

सासूबाईंना बंगल्याची कामं समजावली. गीझर आधी बंद करायचा, मग मोटर लावायची. वरच्या खोलीची खिडकी ओढून लावायची, नाहीतर माकडं साबण नेतात. रात्री दहानंतर स्पीकर बंद, आणि पाहुण्याने मावशी-मावशी करून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तरी चढायचं नाही. दोन पानं भरली.

त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्ये गोरखला बी सांगून ठेव."

"ते कशाला? ते तर माझ्याबरोबर येतायत."

"माहीत असलेलं बरं आसतं."

मग गोरखलाही सांगितलं. त्याने इतकं लक्ष देऊन ऐकलं की मला संशय आला, ताप वगैरे आलाय की काय. लग्नाला सतरा वर्षं झाली, माझं एवढं त्याने कधी ऐकलेलं नाही.

११ डिसेंबर

तिळाची चटणी झाली. लसणाची झाली. गाडीसाठी दशम्या सोळाला करायच्या. चिक्की लोणावळ्यातून आणायचीय. रेणुकाला शेंगदाण्याची आवडते, मऊ नाही, दात पडेल अशी कडक.

१३ डिसेंबर, शनिवार

स्वेटर नाही!

मनाशी ठरवलं होतं — नियम गेला खड्ड्यात, स्वेटर घेऊन जायचा. रेणुकाच्या हातात ठेवायचा, चिठ्ठीसकट. तिने तो बघितला की ती स्वतःच फोन लावेल, तिला बोलावण्याची गरज राहणार नाही. सासूबाई मला काय बोलायचं ते बोलतील, मी ऐकून घेईन. एवढी हिंमत करून ट्रंक उघडली, तर साडीचा तुकडा आहे, स्वेटर नाही. दोनदा उपसली. एक निळी माकडटोपी आणि लोकरीचे लांब मोजेही दिसेनात.

काल-परवा स्टोअररूम दिवसभर उघडी होती. मोटर बिघडली म्हणून पवनानगरहून बजरंग मेकॅनिक आला होता, त्यात पाहुण्यांच्या गाड्या, ड्रायव्हर, येणारे-जाणारे. बजरंगला फोन केला. "वैनी, म्या मोटर सोडून कशाला हात लावत न्हाई." खरंय, तो तसा नाही. मग ड्रायव्हर? फडकं म्हणून उचललं असेल तर? रफूचा जुना स्वेटर, कुणाला काय कळणार. एखाद्याने गाडीची काच पुसली असेल.

ट्रंक मी उघडली. कुलूप मी पुन्हा लावलं नाही. नऊ वर्षं जे त्यांनी जपलं ते मी पंधरा दिवसांत घालवलं. कुणाला सांगू? सासूबाईंना सांगायचं तर आधी हे सांगावं लागेल की मी तो पाहिला होता.

गोरखला सांगितलं. तो म्हणाला, "सापडंल," आणि टॉर्च शोधायला गेला. दिवसाढवळ्या.

१४ डिसेंबर

ड्रायव्हर बसले होते तिथली झुडपंसुद्धा पाहिली. नाही. जायची हौसच गेली. कोट घडी करून ठेवला, तोही आता उसना वाटतो.

१५ डिसेंबर, सोमवार

गोरख सासूबाईंना घेऊन लोणावळ्याला गेला, डोळे दाखवायला. आधार कार्ड, रेशन कार्ड सगळं घेऊन गेले. डोळ्यांना रेशन कार्ड कशाला? "आजकाल समदीकडं लागतंय," म्हणाला.

दुपारी आले. ना चष्मा, ना थेंबांची बाटली. चिक्कीचे चार पुडे तेवढे आणले. शेंगदाण्याची, कडक. गोरखला बहिणीची आवड लक्षात असेल असं वाटलं नव्हतं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"चांगलं दिसतंय म्हनले. लांबचं बी दिसतंय," सासूबाई म्हणाल्या.

१६ डिसेंबर, मंगळवार

दशम्या झाल्या. माझी बॅग भरली. गोरखची मला भरू देत नाही. "माजी झाली, तू तुजं बघ." कोपऱ्यात भरलेली बॅग आहे, चेन लावलेली. लाल जाकीट मात्र अजून खुंटीवर. विचारलं तर म्हणे गाडीत उकडतं.

संध्याकाळी राहवेना. सासूबाई तुळशीपाशी होत्या. गेले आणि सांगून टाकलं. "आई, ट्रंकेतलं एक हरवलं माझ्या हातून."

"काय हरवलं?"

नाव घेता येईना. नऊ वर्षं या घरात ते नाव त्यांच्यासमोर कुणी घेतलेलं नाही. "जुनं होतं," म्हणाले, "पण जपलेलं होतं. मला माफ करा." डोळ्यांतून पाणी यायलाच लागलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, तेच वाईट. वात सारखी केली, हात पदराला पुसले. "नियम मोडला की आसंच व्हतंय," म्हणाल्या. "जा, ल्हवकर झोप. उद्या गाडी हाय."

माझ्याशी इतक्या मऊ त्या कधीच बोलत नाहीत.

१७ डिसेंबर, बुधवार. गाडीत

दौंड यायचंय. माझ्या समोरच्या खालच्या बर्थवर निळी माकडटोपी घालून जी व्यक्ती बसली आहे ती गोरख नाही.

पुण्याच्या फलाटावर बॅगा वर चढवून गोरख खाली उतरला आणि खिडकीतून म्हणाला, "तिकीट आईच्या नावावर करून घेतलंय सोमवारी. रेशन कार्ड दावलं की घरच्यांच्या नावावर करत्यात. म्या गेलो आस्तो तर नुस्ता गप बसलो आस्तो तितं." हात हलवला. तोवर मला वाटत होतं सासूबाई फक्त पोचवायला आल्यात!

त्यांच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आहे. आत मरून स्वेटर, नीट घडीचा, चिठ्ठी वर. मला बघायचं ते बघून झालं तशी पिशवीला गाठ मारली.

आत्ता म्हणाल्या, "तुज्याजवळ पेन हाय न्हवं?"

"कशाला?"

"सही घेतल्याबिगर म्या कुणाला काय दिलंय का आजवर?"

"आई, अजून दोन रात्री आहेत."

"ऐन टायमाला तुजं पेन घावत न्हाई."

माझ्याकडे हे एकच आहे. हात पुढे करून बसल्यात. देते.